पोरगी उजळली

लग्नघरी मला हल्ली फारसं कोणी बोलावत नाही, आणि बोलावलंच तर नवरीजवळ बसू देत नाहीत. त्याला कारण आहे. मी नवरीची खालची पापणी ओढून पाहते. साडी पाहत नाही, दाग-दागिना पाहत नाही, आधी डोळा पाहते. मागे एका लग्नात नवरीच्या मावशीनं माझा हात झटकला आणि म्हणाली, "काय करता जी बाई, काजळ पसरून राह्यलं ना तिचं!" पापणीच्या आत लाल दिसलं म्हणून मी मुकाट्यानं जेवायला गेले. लाल दिसलं नसतं तर त्या मांडवात मी काय तमाशा केला असता ते मलाच ठाऊक.

हे खूळ मला लागलं ते माझ्या मोठ्या बहिणीपायी. तिला आम्ही घरात बाई म्हणायचो. चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला त्याला तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. आमचं गाव मुलचेऱ्याच्या वाटेवर, भोवती धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, एका अंगाला तलाव आणि मागे जंगल. बाबा एस.टी.त ड्रायव्हर होते, त्यामुळे त्यांचा मुक्काम जास्त करून बाहेरच असायचा. शेती माय आणि बाई मिळून पाहायच्या. मी गडचिरोलीला कॉलेजात, वसतिगृहात राहायची. घरात एकीलाच शिकवायचं असं ठरलं तेव्हा बाईनं स्वतःहून शाळा सोडली होती.

बाई काळी होती. सावळी, निमगोरी, गव्हाळ असले लग्नाच्या बोलणीतले शब्द मी वापरणार नाही. ती काळी होती आणि तिच्यासारखी कामाची बाई अख्ख्या गावात नव्हती. रोवण्याच्या दिवसांत गुडघाभर गाळात उभं राहून धानाची रोपं लावताना तिचा पट्टा सगळ्यांच्या आधी संपायचा, आणि मग ती दुसऱ्यांच्या पट्ट्यात शिरून त्यांना चिडवत बसायची. पण तिला पाहायला येणारे पाहुणे चहा पिऊन, चिवडा खाऊन, "पोरगी चांगली आहे, पण..." असं म्हणून निघून जायचे. त्या 'पण'च्या पुढचं कोणी बोलायचं नाही. सगळ्यांना ते माहीत असायचं.

आमच्या घरानं धम्म घेतला तो माझ्या जन्माच्या आधी. देव्हारा गेला, गंडेदोरे गेले, अंगात येणं गेलं. पण पोरीचा रंग पाहायची खोड काही गेली नाही. ती आमच्या माणसांनी जपून गाठोड्यात बांधली आणि नव्या धर्मात सोबत आणली. माय बाईच्या तोंडाला डाळीचं पीठ चोळायची, साय चोळायची. बाई हसायची आणि मायच्याच गालाला थोडं लावून द्यायची.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आले तेव्हा बाई मला घ्यायला फाट्यावर आली होती. एरवी ती माझी पेटी हिसकावून डोक्यावर घ्यायची. त्या दिवशी तिनं पेटीकडे पाहिलं आणि म्हणाली, "तूच घे ना वं आज." मला वाटलं, भांडण झालं असेल मायशी. गावाच्या आधी तलावाची पाळ चढावी लागते. पाळीच्या मधोमध ती खाली बसली. छातीवर हात ठेवून, तोंड उघडं टाकून श्वास घेत राहिली. मी विचारलं तर म्हणाली, "काई नाई, उन्हाचं."

दिवाळीच्या दिवसांत कसलं आलंय ऊन?

घरी पोचलो तर शेजारच्या दोघीतिघी अंगणात बसलेल्या. त्यातली एक मला म्हणाली, "पाह्यली का बाईले? कशी उजळली वं पोरगी!" मी पाहिलं. खरंच तिचा रंग उतरला होता. काळा रंग धुवून मागे पिवळट-पांढुरकं काहीतरी उरलं होतं. तोंड गोल झालं होतं, डोळ्यांखाली फुगवटा आला होता. "अंगानंही भरली," दुसरी म्हणाली. मायच्या तोंडावर असा आनंद मी कधी पाहिला नव्हता. ती म्हणाली, साय लागली म्हणून.

मला तेव्हा काही कळत नव्हतं. मी बी.ए.ला होते, डॉक्टरीला नाही. पण चुलीच्या कडेचं मातीचं लिंपण पोपडा निघाल्यासारखं जागोजागी कुरतडलेलं दिसलं तेव्हा मी बाईला धरलं. ती लाजली. म्हणाली, "बहुत खावंशी वाटते वं. वास येते ना ओल्या मातीचा, राहवतच नाई." कच्चे तांदूळही ती मुठीमुठीनं खायची. मायला सांगितलं तर माय म्हणाली, लग्नाच्या वयात पोरींना अशा आवडी होतात. लग्नाच्या वयात माती खायची आवड होते, हे मी तिथेच पहिल्यांदा ऐकलं.

आत्यानं स्थळ आणलं. मुलगा एटापल्लीला सरकारी ऑफिसात बाबू. असं स्थळ आमच्या घराच्या उंबऱ्यावर आधी कधी आलं नव्हतं. पाहायला मुलाची आई, मामा आणि स्वतः मुलगा आला. बाईला मायनं फिकट गुलाबी साडी नेसवली होती. चहाचा ट्रे घेऊन ती स्वयंपाकघरातून ओसरीपर्यंत आली, ते अंतर तिला इतकं झालं की ट्रे ठेवून ती भिंतीला टेकली. मुलाची आई कौतुकानं म्हणाली, "चाल किती सावकाश आहे! आजकालच्या पोरी कशा धडाधडा चालतात." नाव विचारलं तर बाईला एका दमात सांगता आलं नाही. "आवाजही हळू आहे," मामा म्हणाले. तिला घाम आला होता, हात थंडगार होते आणि गळ्याची शीर उडताना दिसत होती. त्याला ते लाजणं म्हणाले.

आज हे लिहितानाही माझं डोकं फिरतं. त्या ओसरीवर एक पोरगी आतल्या आत मरत होती आणि तिच्या मरणाच्या एकेका लक्षणाला लोक गुण म्हणत होते. दम लागतो, तर मुलगी हळू बोलते. पाय उचलत नाही, तर चाल शालीन आहे. सूज आली, तर अंगानं भरली. रक्त नाही, तर गोरी! ती धडधाकट होती तेव्हा हीच माणसं 'पण' म्हणून उठून जात होती.

स्थळ पक्कं झालं. थंडी सरता सरता साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. कॉलेज बुडवून मी आले, बाबाही रजा काढून आले. मुलाकडच्यांनी बाईसाठी चांदीचे पैंजण आणले होते. तिच्या सासूनं, म्हणजे होणाऱ्या सासूनं, पैंजण घोट्याशी धरला आणि कडी लावायला गेली. कडी लागेना. दोन्ही टोकं एकमेकांपर्यंत पोचेनात. बायका हसल्या. कोणी तेल आणलं. आत्या म्हणाली, "पाय भरले जी पोरीचे, सुखाच्या घरी चालली ना!" शेवटी पैंजण बाईच्या मांडीवर ठेवून दिले आणि कार्यक्रम पार पडला.

पाहुणे गेल्यावर मी बाईचा पाय माझ्या मांडीवर घेतला. पैंजण दाबून दाबून घोट्याभोवती खळगा पडला होता, तो तसाच होता. मी बोटानं नडगीवर दाबलं. तिथेही खड्डा पडला आणि पडूनच राहिला, ओल्या कणकेत बोट रुतावं तसा. मी ओरडले. "हे भरलेले पाय आहेत का? या, पहा सगळे या!"

आत्या धावत आली ती मला गप्प करायला. "हळू बोल. लोकं ऐकतीन."

"ऐकू दे. हिला दवाखान्यात न्या. उद्याच न्या."

"नेऊ ना. लगन होऊ दे. मंग जावई करतीन दवापानी. आत्ता दवा घेतली अन् अंग उतरलं, रंग उतरला, तं काय सांगावं त्याहिले?"

"तोपर्यंत जगली तर!"

"तोंडाले लगामच नाई या पोरीच्या," आत्या मायला म्हणाली. मायनं पैंजण उचलून फडक्यात बांधायला घेतले. तिचं ते बांधणं मला आत्याच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. बाबा ओसरीच्या पायरीवर बसले होते. ते उठून बाईजवळ आले, तिच्या पायावर त्यांनीही बोट दाबलं आणि खड्डा भरायची वाट पाहत राहिले. मग म्हणाले, "उद्या माह्या गाडीनं चाला दोघीही."

खरी मारामारी त्यानंतर झाली आणि ती बाईशीच झाली. घरामागं धानाच्या तणसाच्या ढिगाशी ती बसली होती. मी म्हटलं, कपडे घे, उद्या सकाळची गाडी आहे. ती म्हणाली, "मी नाई येत."

"काऊन?"

"दवा घेतली का मी काळी होईन."

मला वाटलं ती थट्टा करते आहे. ती रडत होती. "जनमभर लोकं माह्याकडं पाहून तोंड फिरवत होते. पहिल्यांदा कोणी पाहून राह्यलं वं मले. तू काऊन मोडून राह्यली?"

त्या क्षणी मला जगातल्या सगळ्यांचा राग आला, आणि तो सगळा मी तिच्यावरच काढला. मी तिला दंडाला धरून हलवलं. म्हटलं, ते तुला नाही पाहत, तुझ्या मढ्याला पाहतात! तिनं माझा हात सोडवायचा प्रयत्न केला आणि तिला तो सोडवता आला नाही. धानाचा भारा एका हिसक्यात डोक्यावर घेणारी माझी बहीण, तिला माझ्या हातातून दंड सोडवता येईना. दोघींनाही ते एकाच वेळी कळलं. सकाळी ती गाडीत बसली.

बाबांनी ती गाडी कशी चालवली असेल ते त्यांचं त्यांना माहीत. आम्ही ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर होतो. रस्ता खड्ड्यांचा, बाबा प्रत्येक खड्ड्याशी गाडी इतकी हळू करत होते की मागची माणसं ओरडायला लागली. त्यांनी एकदाही मागं वळून पाहिलं नाही, समोरच्या आरशात पाहत होते.

गडचिरोलीच्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी आधी बाईची खालची पापणी ओढली. आत लाल असायला हवं तिथं कागद असावा तसं पांढरं होतं. जीभ पाहिली, गुळगुळीत आणि पांढरी. नखं पाहिली, मध्ये खोलगट, चमच्यासारखी. छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिल्या. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "ही चालत कशी आली इथपर्यंत?"

"उजळली म्हणत होते जी सगळे," बाबा म्हणाले. असं काहीतरी बोलायचं म्हणून बोलून गेले.

"उजळली?" डॉक्टरीणबाईंचा आवाज चढला. "रक्त संपलंय तिचं. माणसातलं रक्त काढून घेतलं की खाली हाच रंग उरतो."

मग त्यांनी बाईला विचारलं, शेतात पायात काय घालतेस? काही नाही. बाहेर बसायला कुठे जाता? बांधीच्या धुऱ्यावर, तलावाच्या पाळीखाली. पायाच्या बोटांमध्ये खाज येते? बाई म्हणाली, ते तर सगळ्यांनाच येते जी, रोवण्यात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तीच जंतांची आत यायची वाट.

त्यांनी मला सूक्ष्मदर्शकातून बाईच्या शौचातली अंडी दाखवली. भिजवलेल्या साबुदाण्यासारखी, आरपार दिसणारी. कोणी शेतात बसलं की ही अंडी ओल्या मातीत पडतात, त्यातून डोळ्याला न दिसणाऱ्या अळ्या निघतात आणि अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. रक्ताबरोबर फुप्फुसात जातात, तिथून घशात येतात, थुंकीबरोबर गिळल्या जातात आणि आतड्याला जाऊन दातांनी चिकटतात. मग ते हुकवर्म, शिवायच्या दोऱ्याच्या तुकड्याएवढे जंत, तिथे लोंबकळून रक्त पीत राहतात. एका जागेवरून सुटले की दुसरीकडे चावतात, आणि आधीची जखम वाहतच राहते. शरीर नवं रक्त करू पाहतं, पण त्याला लोखंड लागतं, आणि तेच रोज वाहून जातं. म्हणून ती माती खात सुटली होती. रक्त पातळ झालं की हृदयाला तेवढ्याच कामासाठी जास्त जोरानं धावावं लागतं. धावून धावून ते मोठं होतं, थकतं. मग पाणी पायात साठतं, तोंडावर साठतं.

"आणि तुम्ही म्हणता अंगानं भरली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला त्यांचा राग आला नाही. उलट इतक्या दिवसांनी माझ्यासारखं चिडलेलं कोणीतरी भेटलं म्हणून मला रडू आलं.

रक्त द्यावं लागणार होतं. माझं जुळलं. माझं रक्त तिच्या हातात थेंबाथेंबानं जात होतं. भराभर दिलं तर थकलेल्या हृदयाला झेपणार नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. जंताच्या गोळ्या सुरू करायच्या होत्या. बाईनं गोळी हातात घेतली आणि डॉक्टरीणबाईंना विचारलं, "हे खाल्ल्यानं मी काळी होईन का जी?"

त्या खोटं बोलल्या असत्या तरी मी त्यांना माफ केलं असतं. पण त्या तिच्या पलंगावर बसल्या आणि म्हणाल्या, "हो. होतीस तशीच होशील."

बाईनं गोळीकडे पाहिलं. किती वेळ पाहत होती. ती गोळी फेकून देणं तिच्या हातात होतं आणि तिला ते जमलं असतं. मग तिनं पाणी मागितलं आणि गोळी गिळली.

पुढे लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. एकदा ती शौचाला जाऊन आली आणि माझ्या कानाशी लागून म्हणाली, "सुरुवात झाली वं. आतूनच काळी होऊन राह्यली मी." लोहानं शौच काळं होतं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मी इतकी हसले की शेजारच्या पलंगावरची म्हातारी उठून बसली. मग बाईही हसली, आणि हसताना तिला दम लागला नाही.

घरी निघताना डॉक्टरीणबाईंनी सगळ्या घराला जंताचं औषध दिलं आणि मायचीही पापणी पाहायला मला सांगितलं. मी घरी आल्यावर पाहिली. पांढरी. मायलाही दम लागायचा, मायचेही पाय सुजायचे. पण माय उजळली असं कोणी म्हणालं नाही. माय थकली, म्हणाले. जंत तोच, पण लग्नाच्या पोरीला एक शब्द आणि लेकरांच्या मायला दुसरा.

पायात चपला घाला, असंही सांगितलं होतं. सांगायला काय जातं! रोवण्याच्या गाळात चप्पल पहिल्याच पावलाला रुतून बसते, हे सांगणाऱ्यानं एकदा गाळात उतरून पाहावं. बाबांनी मग घरामागं खड्डा खणून कुडाचं संडास बांधलं. गाव हसलं. ड्रायव्हरसाहेबांचा राजवाडा, म्हणायचे.

बाईचा रंग परत येत होता. आधी ओठांवर, मग हातांवर, मग सगळीकडे. तोंडाची सूज उतरली आणि तिची हनुवटी परत दिसायला लागली. चुलीचं लिंपण शाबूत राहू लागलं. माय तिच्याकडे पाहायची आणि नजर वळवायची. डाळीचं पीठ मी उचलून मायच्या हाताला लागणार नाही अशा फडताळात ठेवून दिलं.

होळीनंतर मुलाकडचे तारीख काढायला आले. बाई चहाचा ट्रे घेऊन आली. धडाधडा चालत आली. मुलाच्या आईनं तिच्याकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं, जणू दुसरी कोणी मागून येणार आहे.

"पोरगी कुठी आहे?" तिनं विचारलं.

"हेच आहे जी," आत्या म्हणाली. आवाज कसाबसा निघाला.

"हे नाई ते. आमी पाह्यली ते गोरी होती." मामा उठून उभे राहिले. "पोरगी बदलली तुमी. एक दाखवता अन् दुसरी गळ्यात बांधता?"

मुलगा खाली पाहत होता. त्यानं बाईला दोनदा पाहिलं होतं, तिच्याशी बोलला होता. त्याला नक्की माहीत होतं ती कोण आहे ते. तो गप्प बसला. त्याच्या गप्प बसण्याचा मला अजून राग येतो, त्याच्या आईच्या बोलण्याचा आता तितका येत नाही.

मी तोंड उघडणार तेवढ्यात बाईनं ट्रे ठेवला. आत गेली, पैंजण घेऊन आली. सगळ्यांसमोर खाली बसून तिनं दोन्ही पैंजण पायात घातले. कडी पटकन लागली, वर बोटभर जागा उरली. तेवढं दाखवून तिनं ते काढले आणि मुलाच्या आईच्या हातात ठेवले.

"तुमी पाह्यली ते पोरगी मराले टेकली होती जी," ती म्हणाली. "तेच पायजे असन तं ते आता नाई भेटत."

पाहुणे चहा न पिता गेले. आत्या डोकं धरून बसली. माय चुलीपाशी रडत होती. मी तिच्यावरही ओरडणार होते, पण तिच्या पायांची सूज दिसली आणि ओरडले नाही. बाबा कामावर गेले होते. बाईनं घागर उचलली आणि पाण्याला निघाली. मी तिच्या मागे निघाले. मला वाटलं, वाटेत कुठेतरी ती बसेल, रडेल, तेव्हा जवळ कोणी हवं.

पाळीच्या पायथ्याशी मी उभी राहिले आणि वर पाहत राहिले. मधोमध ती जागा होती, दिवाळीत ती छाती धरून बसली होती ती. ती तिथे थांबली नाही. घागर कमरेवर घेऊन तशीच वर चढली आणि वरून ओरडली, "ये ना वं! काऊन उभी राह्यली?"

मी धावत सुटले. वर पोचले तेव्हा धाप मला लागली होती, तिला नाही.